विश्लेषण : आयावास्का रिट्रीटला जाताना बॅगेत काय भरावे, अंगावर काय घालावे?

पेरूच्या ॲमेझॉन जंगलात होणाऱ्या वनस्पती-विधींची चर्चा समाजमाध्यमांवर सतत सुरू असते. ‘मनाची शुद्धी’, ‘नवा जन्म’ असे शब्द त्यात भरपूर असतात. पण तिथे रात्रभर बसायचे म्हणजे कोणते कपडे न्यायचे, औषधांच्या पिशवीतून काय काढायचे, परतताना मुंबई विमानतळावर कोणता कागद मागतील, याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. या प्रवासात बॅग भरणे हा थेट प्रकृतीशी आणि कायद्याशी निगडित मामला आहे. तो कसा, हे पाहू.

आयावास्का म्हणजे नेमके काय?

क्वेचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे आत्मा किंवा मृत आणि ‘वास्का’ म्हणजे दोर किंवा वेल. बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही जाड वेल ठेचून, तिच्यासोबत बहुतेक वेळा चाक्रुना या झुडपाची पाने घालून कित्येक तास उकळतात. त्यातून जो कडू, तपकिरी काढा तयार होतो तो आयावास्का. चाक्रुनाच्या पानांत डीएमटी हे भास निर्माण करणारे रसायन असते. ते नुसते पोटात गेले, तर मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचे विघटन करते आणि काहीच परिणाम होत नाही. वेलीतील हार्मिन, हार्मालिन ही द्रव्ये नेमके हेच विकर रोखून धरतात. त्यामुळे डीएमटी रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचते. आपल्याकडे धुरी देण्यासाठी वापरले जाणारे हरमलचे बी अनेकांना माहीत असेल. हार्मिन, हार्मालिन ही नावे त्या वनस्पतीवरूनच पडली आहेत.

विकर रोखण्याची ही क्रिया लक्षात ठेवायला हवी. बॅगेत कोणते औषध, कोणता खाऊ चालेल आणि कोणता नाही, हे बरेचसे त्यावरच ठरते.

विधी कसा होतो?

पेरूच्या उकायाली नदीकाठचे शिपिबो-कोनिबो लोक या परंपरेसाठी विशेष ओळखले जातात. ॲमेझॉनमधील मूळ समुदायांचे आयावास्काविषयीचे पारंपरिक ज्ञान आणि वापर यांना पेरू सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इकितोस आणि पुकाल्पा या शहरांच्या आसपास पर्यटकांसाठी अनेक केंद्रे आहेत.

विधी बहुधा रात्री होतो. ‘मालोका’ नावाच्या, गवती किंवा पानांच्या उंच छपराच्या मोठ्या गोल घरात भिंतीलगत गाद्या मांडलेल्या असतात. प्रत्येक गादीशेजारी एक बादली असते. काढा पिऊन झाला की दिवे मालवतात आणि जाणकार वैदू ‘इकारो’ नावाची गाणी म्हणू लागतात. साधारण चार ते सहा तास हा प्रकार चालतो. बहुतेकांना उलट्या होतात, काहींना जुलाबही. तिथे याला ‘पुर्गा’ म्हणजे शुद्धी म्हणतात. आपल्याकडच्या काहींना यावरून पंचकर्मातील वमन आठवेल, पण दोन्हींची तुलना तिथेच थांबते. इथे पोटासोबत मन, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवरही काढ्याचा परिणाम होतो.

कपडे कसे असावेत?

सहा तास काळोखात, कधी बसून तर कधी आडवे होऊन, घाम आणि थंडी यांच्या फेऱ्यांत काढायचे आहेत, हे धरून कपडे निवडावेत. कमरेला इलॅस्टिक किंवा सैल नाडीची सुती पँट, सैल कुडता किंवा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पायात मोजे एवढे पुरते. जीन्स, पट्टा, बटणांची घट्ट पँट टाळावी. शौचालयाकडे घाईने जाताना, तेही हातपाय नीट साथ देत नसताना, बटणांशी झटापट करायची वेळ येऊ नये. याच कारणाने लांब घोळाचा घागरा, ओढणी, पायात अडकणारी साडी किंवा धोतरही सोयीचे नाही. लेगिंग घालायची असेल तर पोटावर न दाबणारी असावी.

इकितोसमध्ये दिवसा पारा ३० अंशांच्या वर जातो आणि रात्री साधारण २२ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईकराला ही थंडी वाटणारच नाही. पण काढा प्यायल्यावर अनेकांना कापरे भरते. म्हणून पातळ शाल किंवा सोलापुरी चादर हाताशी ठेवावी. वरून एक स्वेटर असा असावा, जो उठून न बसताही अंगात चढवता येईल.

प्रत्येक विधीसाठी एक जोड, अधिक एक जास्तीची पँट आणि अंतर्वस्त्रे हे गणित धरावे. आठवड्याच्या मुक्कामात तीन-चार विधी असू शकतात. जंगलातील दमट हवेत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आपल्या कोकणातल्या श्रावणासारखी अवस्था असते. त्यामुळे जाड सुती कपड्यांपेक्षा पातळ, लवकर वाळणारे कापड बरे. जास्तीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून विधीच्या जागीच न्यावा. कपडे खराब होणे तिथे नवलाचे नाही आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही.

पांढऱ्याच कपड्यांचा आग्रह का?

काही केंद्रे पांढरे किंवा फिके कपडे आणायला सांगतात. त्यामागे श्रद्धा आहे, तशी सोयही आहे. मिट्ट काळोखात कोण कुठे निघाले, कोण पडले, हे मदतनीसांना फिक्या कपड्यांमुळे कळते. मात्र हा सर्वत्र लागू असलेला नियम नाही. अनेक ठिकाणी रंगाचे बंधन नसते, त्यामुळे आधी विचारून घ्यावे.

ब्राझीलमधील गोष्ट वेगळी आहे. रायमुंदो इरिनेउ सेरा यांनी १९३०च्या दशकात आक्रे प्रांतात सुरू केलेल्या ‘सांतो दाइमे’ या पंथात ठरावीक गणवेश असतो आणि सणाच्या विधींचा गणवेश पांढरा असतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘उनियाओ दो वेजेताल’ पंथात हिरवे शर्ट घालतात. तेथे आयावास्काच्या धार्मिक वापराला परवानगी आहे आणि त्याचे सविस्तर नियम २०१०च्या सरकारी ठरावाने लागू झाले. बाहेरच्या पाहुण्याने हा गणवेश स्वतःहून शिवून घालू नये. साधे फिके कपडे पुरेसे असतात.

शिपिबो स्त्रियांच्या कपड्यांवर ‘केने’ ही भौमितिक नक्षी असते. या नक्षीलाही पेरूने राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आहे. असे वस्त्र आवडले तर ते विणणाऱ्या-भरणाऱ्या बाईकडून थेट विकत घ्यावे. पहिल्याच दिवशी ते अंगावर चढवून वैदू असल्यासारखे मालोकात बसणे मात्र स्थानिकांना खटकू शकते.

जंगल की डोंगर?

बॅग भरण्याआधी केंद्र नकाशावर कुठे आहे, ते पाहावे. इकितोस हे रस्त्याने बाहेरच्या जगाशी न जोडलेले मोठे शहर आहे. तिथे विमानाने किंवा नदीतून बोटीने जावे लागते आणि पुढे केंद्रापर्यंत पुन्हा होडी, चिखल, पायवाट असा प्रवास असतो. चाकांची मोठी सूटकेस इथे ओझे ठरते. पाठीवरची सॅक बरी. पाऊस बारमाही असतो, त्यातही डिसेंबर ते मे हे महिने जास्त ओले. म्हणून रेनकोट, गमबूट, पारपत्र आणि मोबाइल ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी या गोष्टी हव्याच. गमबूट अनेक केंद्रांत मिळतात, पण पायाचे माप आधी कळवावे. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकण्याची सवय लावून घ्यावी. आपल्याकडच्या चापडा सापाच्या जातकुळीतले विषारी साप या जंगलात आहेत.

डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले मलम न्यावे. इकितोस ज्या लोरेतो प्रांतात आहे, तिथे मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारताना आयावास्काचा बेत लपवू नये. मेफ्लोक्विनसारख्या काही मलेरियाविरोधी औषधांचे मानसिक दुष्परिणाम ज्ञात आहेत.

कुस्कोजवळच्या ‘पवित्र दरी’तील केंद्रांत चित्र उलटे असते. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. जून ते ऑगस्ट या काळात तिथे रात्री पारा शून्याजवळ उतरतो. थर्मल, लोकरी टोपी, जाड मोजे, हातमोजे लागतात. विरळ हवेची सवय व्हायला दोन-तीन दिवस द्यावेत आणि मगच विधीचा विचार करावा. डोंगराळ भागात ‘सान पेद्रो’ किंवा ‘वाचुमा’ या निवडुंगाचेही विधी होतात. त्यात मेस्कॅलिन हे द्रव्य असते आणि तो विधी पुष्कळदा दिवसा, उघड्यावर चालतो. तिथे रुंद काठाची टोपी, गॉगल आणि सनस्क्रीनही लागते.

विधीच्या रात्री हाताशी काय असावे?

यादी छोटी आहे. लाल उजेडाची सोय असलेला हेडलॅम्प; पांढरा झोत इतरांच्या डोळ्यांत गेला तर तो त्यांना असह्य होतो. टॉयलेट पेपर किंवा ओले रुमाल. एक लहान टॉवेल. पाण्याची बाटली; पाणी कधी आणि किती प्यायचे, हे केंद्राच्या सूचनेनुसार. सहज घालता-काढता येणाऱ्या चपला. जास्तीचा जोड. दुसऱ्या दिवसासाठी ओआरएसची पाकिटे आणि एक वही-पेन. चष्मा लागत असेल तर तो कडक डबीत ठेवावा. कॉन्टॅक्ट लेन्स त्या रात्री लावू नयेत. त्या काढण्याची शुद्ध राहीलच असे नाही. मोबाइल खोलीत बंद करून ठेवावा. इतरांचे रडणे-ओकणे चित्रित करणे हा त्यांच्या खासगीपणावर घाला आहे.

घरीच काय ठेवावे?

अत्तर, सुगंधी तेल, उग्र वासाचा शाम्पू आणि डिओडरंट. काढ्यानंतर वासाची जाणीव तीव्र होते आणि शेजाऱ्याच्या अत्तरानेही मळमळ वाढू शकते. वैदू मंडळीही परक्या वासांना हरकत घेतात. त्यांचा स्वतःचा मापाचो तंबाखू आणि ‘आग्वा दे फ्लोरिदा’ हे सुगंधी पाणी मात्र विधीचा भाग असते. साधा, बिनवासाचा साबण न्यावा. किणकिणणाऱ्या बांगड्या, पैंजण, सोन्याची साखळी नको.

मराठी माणसाच्या बॅगेत हमखास असणारा खाऊही इथे अडचणीचा. विधीआधी आणि मुक्कामात ‘दिएता’ म्हणजे पथ्य पाळावे लागते. मीठ, साखर, तिखट, तेल, डुकराचे मांस, मद्य आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. लोणचे, ठेचा, चिवडा, भाकरवडी यांना तिथे काम नाही. मुरलेले चीज, सोया सॉस, आंबवलेले पदार्थ टाळायला सांगतात, त्याला विकर रोखण्याच्या क्रियेचे कारण आहे. अशा पदार्थांत टायरामिन असते. ते शरीरात साचले तर रक्तदाब चढण्याचा धोका असतो.

औषधांची पिशवी सर्वात महत्त्वाची का?

कारण सर्वात गंभीर चुका तिथेच होतात. नैराश्य किंवा चिंतेवरची अनेक प्रचलित औषधे मेंदूतील सेरोटोनिन वाढवतात. त्यांच्यासोबत आयावास्का घेतल्यास ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ होऊ शकतो. ताप, थरथर, स्नायू ताठरणे, झटके अशी त्याची लक्षणे असतात आणि तो जीवघेणा ठरू शकतो. यावर उपाय म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे तितकेच घातक आहे. काही गोळ्यांचा अंश शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात. फ्लुओक्सेटिनसाठी साधारण पाच आठवडे धरतात. गोळी थांबवायची की प्रवास, हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांसोबत घ्यायचा असतो. गोळी आवश्यक असेल तर प्रवास रद्द करणे हेच योग्य.

निरुपद्रवी वाटणारी औषधेही तपासावीत. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते. वेदनाशामक ट्रॅमाडॉल, अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातील काही गोळ्या, हीसुद्धा या काढ्यासोबत धोकादायक आहेत. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ असे गृहीत धरू नये. कवचबीज म्हणजे खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते आणि विकर रोखले गेले असताना ते रक्तदाब वाढवू शकते. मधुमेहींना पथ्याचे तुटपुंजे जेवण आणि उलट्या यांमुळे साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा मनोविकृतीचा इतिहास असेल, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, गरोदरपण असेल, तर हा काढा टाळणेच योग्य. औषधांची नावे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ द्रव्याच्या नावाने, मात्रेसह कागदावर लिहावीत. एक प्रत पारपत्रासोबत आणि एक केंद्राकडे द्यावी. जे केंद्र आरोग्याबद्दल एकही प्रश्न न विचारता पैसे घेते, तिथे जाऊ नये. काढ्यात ‘तोए’ घालतात का, हेही विचारावे. तोए म्हणजे ब्रुगमॅन्सिया, आपल्या धोतऱ्याच्या कुळातील झाड. धोतऱ्याने भ्रमिष्ट होणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

लिमा येथील अमेरिकी दूतावासाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना आयावास्का आणि बेडकाच्या स्रावापासून मिळणारा ‘कांबो’ घेऊ नये, असा इशारा दिला. मृत्यू, गंभीर आजारपण आणि हल्ल्यांच्या घटना हे त्यामागचे कारण होते. जंगलातील केंद्रांपासून रुग्णालय लांब असते. प्रवासविम्याच्या पॉलिसीत अमली द्रव्यांमुळे आलेले आजारपण बहुधा वगळलेले असते, ते कलम निघण्यापूर्वी वाचावे.

महिलांनी काय लक्षात ठेवावे?

अशा विधींमध्ये महिलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी अनेक देशांतून पुढे आल्या आहेत. या क्षेत्रात काम करणाऱ्या चाक्रुना इन्स्टिट्यूटने त्यावर मार्गदर्शिका काढली आहे. त्यातील मुद्दे स्पष्ट आहेत. उपचारासाठी कपडे काढायला लावण्याची गरज नसते, खासगी अवयवांना स्पर्श करण्याची गरज नसते आणि विश्वासू सोबती बरोबर असणे चांगले. अंगावरून कपडा बाजूला करायला कोणी सांगितले, तर ते परंपरेच्या नावाखाली सहन करू नये. महिला वैदू किंवा महिला मदतनीस रात्रभर मालोकात असतील का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

मासिक पाळीत विधीला बसू न देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. आपल्याला ती ओळखीची वाटेल. ती मान्य नसली तरी आधी विचारून तारखा ठरवाव्यात, म्हणजे तिथे पोहोचून वाद होणार नाही. पॅड किंवा कप घरूनच न्यावेत. जंगलात दुकान नसते.

पिवळे कार्ड कशासाठी?

पेरू, ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर हे देश भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवू शकणारा डास आहे. म्हणून ही कडक तपासणी. लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. साठीच्या पुढील व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून मगच लस घ्यावी. हे पिवळे कार्ड हातातल्या बॅगेत, पारपत्राला लावूनच ठेवावे.

परतताना बॅगेत काय असू नये?

पेरूमध्ये कायदेशीर असलेली वस्तू भारतात गुन्हा ठरू शकते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीत डीएमटीचा समावेश आहे. काढ्याची बाटली किंवा त्याचा घट्ट अर्क ‘आठवण’ म्हणून आणणे म्हणजे अटकेला निमंत्रण. धार्मिक विधी किंवा उपचार हे कारण इथे चालत नाही. भारतात कोणी अशा काढ्याचे ‘रिट्रीट’ भरवत असेल, तर तिथे पिणाऱ्यालाही हाच कायदा लागू होतो.

कुस्कोच्या हॉटेलांत चढाईचा त्रास कमी व्हावा म्हणून कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात आणि त्याची पाकिटे दुकानांत मिळतात. भेट म्हणून ती आणण्याचा मोह होतो. पण कोकाचे पान हे भारतात अमली पदार्थ आहे. वाटेतील विमानतळांचे कायदेही वेगळे आणि काही देशांत फार कठोर असतात. म्हणून तिथून निघण्यापूर्वी बॅगेचे सगळे कप्पे, कोटाचे खिसे आणि बुटांचे तळ रिकामे करून पाहावेत. शेवटच्या विधीनंतर निदान दोन दिवस मोकळे ठेवून मगच परतीचे विमान धरावे. थकलेल्या, अजून न सावरलेल्या मनाने लांबचा प्रवास आणि इमिग्रेशनची रांग दोन्ही कठीण जातात.